हवेचें गणित मांडणारे क्वेकर : लुइस फ्राय रिचर्डसन

मृगाचा पाऊस लांबला म्हणजे आमच्या शाळेच्या व्हरांड्यांत दरवर्षीं तोच विनोद ऐकूं येतो. वेधशाळेनें पाऊस सांगितला आहे, तेव्हां आज छत्री घरीं ठेवावयास हरकत नाहीं, असें मुलें एकमेकांस सांगतात आणि हंसतात. खरें सांगावयाचें तर लहानपणीं मीही ह्या हंसण्यांत सामील होत असें. पुढें पदार्थविज्ञान शिकत असतां एका गृहस्थांच्या चरित्राशीं गांठ पडली, आणि त्यानंतर वेधशाळेला हंसणें मला जमेनासें झालें. ह्या गृहस्थांनीं केवळ सहा तासांच्या हवेचें भाकीत करण्यासाठीं सुमारें सहा आठवडे आंकडेमोड केली. तें भाकीत साफ चुकलें. आणि तें किती चुकलें हें त्यांनीं स्वतःच आपल्या ग्रंथांत छापून सर्व शास्त्रज्ञांपुढें ठेविलें. आज जगांतील वेधशाळा ज्या रीतीनें दुसऱ्या दिवसाच्या हवेचा अंदाज बांधतात, ती रीत त्याच ग्रंथांत पहिल्यानें सविस्तर मांडलेली आहे. त्या गृहस्थांचें नांव लुइस फ्राय रिचर्डसन. हवामानशास्त्र जाणणाऱ्यांत हें नांव सर्वतोमुखीं आहे. आपल्या शालेय पुस्तकांत मात्र तें सहसा आढळत नाहीं, म्हणून हा लेख.

रिचर्डसन ह्यांचा जन्म ता. ११ ऑक्टोबर १८८१ रोजीं इंग्लंडच्या उत्तर भागांतील न्यूकॅसल ह्या शहरीं झाला. वडील डेव्हिड रिचर्डसन ह्यांचा कातडीं कमावण्याचा धंदा होता. सात भावंडांत लुइस सर्वांत धाकटा. घराणें क्वेकर पंथाचें. ह्या पंथाविषयीं येथें दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्यावांचून पुढील हकीकत समजणार नाहीं. क्वेकर लोक स्वतःस मित्र म्हणवितात. इंग्लंडांतील त्यांच्या उपासनेंत पाळक नसतो, वेदी नसते. सर्वजण शांत बसतात, आणि ज्यास अंतःकरणांत प्रेरणा होईल तो उठून चार शब्द बोलतो. प्रत्येक मनुष्याच्या ठायीं ईश्वरी प्रकाशाचा अंश आहे अशी त्यांची श्रद्धा असून, ज्याच्या ठायीं तो अंश आहे त्यावर शस्त्र उचलणें त्यांस पाप वाटतें. आम्हां इतर ख्रिस्ती मंडळींत ह्या बाबतींत एकमत नाहीं, आणि तो वाद येथें काढण्याचें प्रयोजनही नाहीं. परंतु एखादा मनुष्य आपल्या श्रद्धेची किंमत आपल्याच खिशांतून भरूं लागला म्हणजे मतभेद असणाऱ्यांनींही टोपी काढावी, इतकें मला वाटतें.

वयाच्या बाराव्या वर्षीं लुइसची रवानगी यॉर्क शहरांतील बूथम ह्या क्वेकर शाळेच्या वसतिगृहांत झाली. तेथें एडमंड क्लार्क नांवाचे शिक्षक होते. त्यांस हवामानाच्या निरीक्षणाचा मोठा नाद होता. मुलाच्या मनांत हा नाद तेथेंच उतरला असावा. पण मोठेपणीं रिचर्डसन ह्यांनीं ह्या शाळेचें ऋण मानलें तें निराळ्याच गोष्टीसाठीं. विज्ञान हें नीतीच्या आज्ञेंत राहिलें पाहिजे, ही खात्री आपणांस ह्या शाळेनें दिली, असें ते सांगत. शिक्षकाच्या नात्यानें ही गोष्ट माझ्या मनांत घर करून राहिली आहे. आपण मुलांस काय शिकविलें हें आपणांस निकालाच्या दिवशीं कळतें असा आमचा समज असतो. बूथमच्या शिक्षकांस तें कळावयास वीस-बावीस वर्षें थांबावें लागलें.

न्यूकॅसलच्या कॉलेजांत दोन वर्षें काढून ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजांत गेले व १९०३ सालीं निसर्गविज्ञानाची परीक्षा पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाले. त्यानंतरचीं दहा वर्षें म्हणजे नोकऱ्यांची एक लांबलचक यादी आहे. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, वेल्समधील एक कॉलेज, पीट नांवाच्या दलदलीच्या मातीपासून जळण करणारी कंपनी, पुन्हां प्रयोगशाळा, विजेच्या दिव्यांचा कारखाना, मँचेस्टरचें तांत्रिक विद्यालय. आमच्या पालकांपैकीं कोणाच्या चिरंजीवांनीं असें केलें तर घरांत काय बोलणें होईल ह्याची मला पूर्ण कल्पना आहे. परंतु ह्या भटकंतींतच त्यांस आपलें खरें हत्यार सांपडलें. पीटच्या दलदलींतून पाणी काढून टाकण्यासाठीं चर कसे खणावे, असा प्रश्न कंपनीपुढें होता. जमिनींतून पाणी कसें झिरपतें ह्याचीं समीकरणें ठाऊक होतीं, पण तीं नेहमींच्या रीतीनें सुटत नव्हतीं. रिचर्डसन ह्यांनीं दुसराच मार्ग धरला. जमिनीचे लहान लहान चौकोन पाडावे. कलनगणितांतील अतिसूक्ष्म फरकांचा नाद सोडून शेजारच्या दोन चौकोनांतील साधा फरक, म्हणजे निवळ वजाबाकी घ्यावी. आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार ह्यांची पुनरावृत्ति करीत उत्तराच्या जवळ जवळ सरकावें. उत्तर तंतोतंत येत नाहीं, पण चौकोन जितके लहान करावे तितकें तें जवळ येतें.

हीच रीत त्यांनीं दगडी धरणांतील ताणांचें गणित करण्यास लाविली, आणि १९१० सालीं तो निबंध रॉयल सोसायटीनें प्रसिद्ध केला. त्यांतील कंटाळवाणी आंकडेमोड त्यांनीं मुलांस मजुरी देऊन करून घेतली होती. हुशार मुलगा आठवड्यांत तीन अंकी संख्यांचीं सुमारें दोन हजार गणितें करी; चुकलेलीं गणितें हिशेबांत धरीत नसत. आमच्या वर्गांत हा दर लागू केला तर कित्येकांच्या हातीं फारसें कांहीं पडणार नाहीं! हाच निबंध त्यांनीं आपल्या जुन्या कॉलेजकडे फेलोच्या जागेसाठीं पाठविला होता. ती जागा त्यांस मिळाली नाहीं.

१९०९ सालीं डोरोथी गार्नेट ह्या बाईंशीं त्यांचा विवाह झाला. पुढें त्यांनीं तीन मुलें दत्तक घेऊन वाढविलीं. ह्या बाईंनीं पतीच्या चमत्कारिक प्रयोगांस जन्मभर हंसतमुखानें साथ दिली. १९१२ च्या एप्रिलांत टायटॅनिक जहाज बर्फाच्या डोंगरावर आपटून बुडालें, तेव्हां रिचर्डसन ह्यांच्या मनानें लगेच घेतलें कीं, आवाज करून त्याचा प्रतिध्वनि ऐकला तर अंधारांतही पुढील अडथळा कळेल. समुद्रकांठीं हवापालट करावयास गेले असतां पतिपत्नी एका लहान होडींतून निघालीं. एक पिपाणी वाजवावयाची आणि मागें धरलेल्या उघड्या छत्रीच्या पोकळींत धक्क्यावरून परत येणारा आवाज पकडावयाचा, असा तो प्रयोग होता. कांठावरील लोकांस काय वाटलें असेल तें असो. दुर्घटनेनंतर महिन्याभराच्या आंत त्यांनीं हवेंतील व पाण्यांतील प्रतिध्वनीच्या योजनांचे हक्क नोंदविण्यासाठीं अर्ज केले. पण पुढें त्यांनीं त्याचा पाठपुरावा केला नाहीं.

१९१३ सालीं ब्रिटिश हवामान खात्यानें त्यांस स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर येथील वेधशाळेचे प्रमुख नेमलें. डोंगराळ, एकाकी, सदा पावसाची जागा. विचार करणाऱ्यास अशा जागा बऱ्या. त्या काळीं हवेचें भाकीत करणारे लोक आजच्या नकाशासारखा एखादा जुना नकाशा शोधीत, आणि त्या वेळीं पुढें जें झालें तेंच आतांही होईल असें धरून चालत. रिचर्डसन ह्यांस हें पटेना. पंचांगकर्ता ग्रहणाची वेळ सांगतो तो ग्रह पूर्वीं कधीं अगदीं असेच उभे होते हें पाहून नव्हे, तर गतीच्या नियमांवरून. मग हवेचें तसें कां होऊं नये? नॉर्वेचे व्हिल्हेल्म बियर्क्नेस ह्यांनीं १९०४ सालीं असें प्रतिपादिलें होतें कीं, आतांची स्थिति आणि पदार्थविज्ञानाचे नियम हीं दोन्ही ठाऊक असलीं तर पुढील हवा निघालीच पाहिजे. अडचण एवढीच होती कीं तीं समीकरणें कोणास सुटत नव्हतीं. रिचर्डसन ह्यांच्या हातीं तर चौकोनांची रीत होती. जमिनीऐवजीं आकाशाचे चौकोन पाडावयाचे, इतकेंच.

हें काम ऐन रंगांत आलें असतां महायुद्ध पेटलें. श्रद्धेनें त्यांस शस्त्र धरणें वर्ज्य होतें, आणि इतर तरुण मरत असतां स्वस्थ वेधशाळेंत बसून राहणें हेंही त्यांच्या मनास खाऊं लागलें. १९१६ च्या मे महिन्यांत त्यांनीं आपल्या आवडत्या जागेचा राजीनामा दिला व क्वेकर मंडळींच्या रुग्णवाहिका पथकांत दाखल होऊन ते फ्रान्सांत गेले. ज्या तुकडींत ते होते ती एका फ्रेंच पायदळ विभागास जोडलेली होती. चौतीस वर्षांचा, विसराळू दिसणारा हा गाडीवान रात्रीं दिवे न लावतां, खड्ड्यांनीं भरलेल्या रस्त्यांवरून, तोफांच्या माऱ्यांत जखमी शिपायांस इस्पितळांत पोंचवी. सोबती त्यांस प्रोफेसर म्हणत. पुढें कादंबरीकार म्हणून नांवारूपास आलेले ओलाफ स्टेपलडन हे ह्याच तुकडींत होते.

विश्रांतीच्या दिवसांत, थंडगार मुक्कामांत गवताच्या गंजीवर बसून, प्रोफेसर आंकडे मांडीत. त्यांनीं नमुन्यादाखल ता. २० मे १९१० हा दिवस घेतला होता. त्या दिवशीं युरोपांत ठिकठिकाणीं फुगे सोडून वरच्या हवेचें मोजमाप केलेलें असल्यामुळें आंकडे तयार होते. (हॅलेचा धूमकेतु आकाशांत होता तो हाच आठवडा.) मध्य युरोपाच्या नकाशावर त्यांनीं बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आंखले, प्रत्येक चौकोनावरील हवेचे खालून वर पांच थर कल्पिले, एका चौकोनांत हवेचा दाब आणि उष्णता ह्यांचे, तर शेजारच्या चौकोनांत वाऱ्याचे आंकडे लिहिले, आणि त्यांवरून त्या सकाळच्या सहा तासांत म्यूनिक शहराच्या आसपास दाब किती बदलेल हें काढलें.

उत्तर आलें : दाब १४५ मिलिबारांनीं चढेल.

जमिनीलगत हवेचा एकूण दाब सुमारें एक हजार मिलिबार असतो. भयंकर चक्री वादळांतही सहा तासांत १४५ मिलिबार फरक पडत नाहीं. प्रत्यक्षांत त्या सकाळीं तेथें दाब जवळ जवळ स्थिरच होता.

आपणांपैकीं कितीजणांनीं हें उत्तर पाहून वही मिटविली असती? उत्तर चुकलें म्हणजे पान फाडणें, किंवा शेजाऱ्याच्या वहींत डोकावणें, हे उपाय प्रत्येक वर्गांत प्रसिद्ध आहेत. शाळेंतल्या मुलांपुरतेच ते आहेत असेंही नाहीं. रिचर्डसन ह्यांनीं तें उत्तर जसेंच्या तसें ठेविलें, वाऱ्याच्या मोजमापांत दोष असावा असा आपला तर्क नमूद केला, आणि दुसऱ्या कोणास चूक शोधतां यावी म्हणून आपल्या आंकडेमोडीचीं कोष्टकें जोडून दिलीं. ह्याच कोष्टकांमुळें पुढें खरोखरच उलगडा झाला. आयर्लंडचे पीटर लिंच ह्यांनीं संगणकावर तें गणित पुन्हां केलें तेव्हां तेंच चुकीचें उत्तर आलें, म्हणजे रिचर्डसन ह्यांची रीत व आंकडेमोड मुळांत ठीक होती. दोष होता आरंभींच्या आंकड्यांत. वारा आणि दाब हीं दोन मोजमापें एकमेकांशीं नीट जुळत नव्हतीं. निसर्गांत अशी विसंगति क्षणभर उठणाऱ्या जलद लहरींनीं आपोआप मिटते. कोंकणच्या कांठीं होडींत बसलेल्या मनुष्याची कल्पना करा : लाट आली आणि होडी एका सेकंदांत हातभर वर गेली. एवढ्यावरून त्यानें हिशेब केला कीं तासाभरांत आपण छत्तीसशें हात वर जाऊं, तर गुणाकार बरोबर असूनही उत्तर हास्यास्पद होईल, कारण पुढच्याच सेकंदांत होडी खालीं येणार असते. लिंच ह्यांनीं ह्या लहरी आधीं शांत करून तेंच गणित केलें तेव्हां दाबांतील बदल अगदीं साधा, समजूतदार निघाला. ते आंकडे शांत करून घेण्याची विद्या १९१७ सालीं कोणासच अवगत नव्हती.

त्या वर्षीं एप्रिलांत शांपान्य येथें लढाई पेटली तेव्हां ग्रंथाचें हस्तलिखित सुरक्षिततेसाठीं पिछाडीस पाठविलें गेलें, आणि तेथें तें गहाळ झालें. कांहीं महिन्यांनीं तें बेल्जममध्यें एका कोळशाच्या ढिगाखालीं सांपडलें. इतिहासांत असे प्रसंग आहेत कीं ज्यांस योगायोग म्हणावें कीं देवाची करणी म्हणावें, हें ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडणें बरें.

ग्रंथ १९२२ सालीं केंब्रिजमधून प्रसिद्ध झाला. त्यांत एके ठिकाणीं ह्या रुक्ष गणितज्ञानें कल्पनेस मोकळें सोडलें आहे. एक अवाढव्य गोल नाट्यगृह. त्याच्या भिंतींवर आंतून सर्व पृथ्वीचा नकाशा रंगविलेला, उत्तर ध्रुव छताशीं आणि दक्षिण ध्रुव तळाशीं. सज्जासज्जांतून चौसष्ट हजार गणितकार बसलेले, प्रत्येकाकडे आपापल्या देशाच्या आकाशाचा लहानसा तुकडा. मध्यभागीं उंच खांबावर त्यांचा नायक, वाद्यवृंदाच्या सूत्रधारासारखा. जो देश हिशेबांत पुढें धांवेल त्यावर तो गुलाबी प्रकाशाचा झोत टाकतो, जो मागें रेंगाळेल त्यावर निळा. इतकीं माणसें एका वेळीं राबलीं तर आंकडेमोड निदान हवेच्या चालीबरोबर चालूं शकेल, असा त्यांचा हिशेब होता. त्या काळीं कंप्यूटर हा शब्द यंत्रास नव्हे, तर अशा आंकडेमोड करणाऱ्या माणसासच लावीत. मला ह्या चित्रांतील सर्वांत आवडणारी गोष्ट इमारतीच्या बाहेर आहे. तेथें खेळाचीं मैदानें, घरें, डोंगर आणि तळीं असावींत असें त्यांनीं लिहिलें. जे लोक हवेचें गणित करणार त्यांस ती हवा मोकळेपणानें घेतां आली पाहिजे, हें त्याचें कारण. पुण्यास पाषाणच्या बाजूस भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तेथें २०१८ सालीं प्रत्युष नांवाचा महासंगणक बसविला गेला तो ह्याच चौसष्ट हजारांचें काम करण्यासाठीं. पण तो माणूस नसल्यामुळें त्यास मैदान लागत नाहीं.

ग्रंथाचा खप फार थोडा झाला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती तीस वर्षें शिल्लक होत्या.

आतां मागें जाऊन एक गोष्ट सांगावयाची आहे. युद्ध संपल्यावर १९१९ सालीं रिचर्डसन हवामान खात्यांत परतले होते व ऑक्सफर्डशायरमधील बेन्सन येथें काम करीत होते. १९२० सालीं तें सबंध खातें हवाई मंत्रालयाच्या, म्हणजे लढाऊ विमानदलाचा कारभार पाहणाऱ्या मंत्रालयाच्या, ताब्यांत गेलें. रिचर्डसन ह्यांनीं पुन्हां राजीनामा दिला. ह्या वेळीं युद्ध चालू नव्हतें. कोणी त्यांच्या हातीं बंदूक देत नव्हतें. तेच टेबल, तेंच काम, फक्त वरची पाटी बदलली होती. त्यांच्या अनेक मित्रांस हा हट्ट वाटला असेल. मलाही प्रथम वाचलें तेव्हां तो थोडासा हट्टच वाटला. ते लंडनच्या वेस्टमिन्स्टर ट्रेनिंग कॉलेजांत, मेथडिस्ट मंडळीनें चालविलेल्या शिक्षकांच्या शाळेंत, पदार्थविज्ञान शिकवूं लागले आणि फावल्या वेळांत वाऱ्यांतील भोंवऱ्यांवर संशोधन करीत राहिले. वारा शांत थरांनीं वाहील कीं त्यांत भोंवरे उठतील हें ज्या संख्येवरून ठरतें तिला आजही रिचर्डसन संख्या म्हणतात. विमानास बसणाऱ्या हिसक्यांचा विचार करतांना ती लागते. १९२६ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस सभासदत्व दिलें.

आणि मग त्यांस कळलें कीं, हवेंत धूर कसा पसरतो ह्यावरील त्यांच्या संशोधनाची विषारी वायु तयार करणाऱ्या तज्ज्ञांस फार गोडी वाटूं लागली आहे. फ्रान्सांत त्यांनीं जखमी माणसें वाहिलीं होतीं. वायु म्हणजे काय हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागत नव्हतें. त्यांच्या पत्नीनें सांगितलेल्या आठवणीप्रमाणें, त्यांनीं त्या दिशेचें काम थांबविलें आणि जें प्रसिद्ध केलेलें नव्हतें तें संशोधन नष्ट केलें. १९२० चा राजीनामा हा हट्ट होता कीं दूरदृष्टि, ह्याविषयीं माझें मत येथें बदललें. हवेविषयींचें ज्ञान कोणाच्या हातीं जाईल, हा प्रश्न त्यांनीं पाटी बदलली त्याच दिवशीं ओळखला होता.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर बहुतेक माणसें नवीन विषय हातीं घेत नाहींत. रिचर्डसन ह्यांनीं लंडन विद्यापीठाची मानसशास्त्राची पदवी परीक्षा १९२९ सालीं दिली, आणि ती उत्तीर्ण झाले. माणसें भांडतात कां, हें त्यांस शोधावयाचें होतें. युद्धकालांतच त्यांनीं युद्धाच्या मानसशास्त्रावर एक गणिती निबंध लिहून, आपल्या तुकडींतील सोबत्यांस तो अर्पण केला होता व १९१९ सालीं स्वखर्चानें छापला होता. आतां ते त्या विषयाकडे पूर्णपणें वळले. १९२९ सालींच ते स्कॉटलंडमधील पेझली येथील तांत्रिक कॉलेजाचे प्राचार्य झाले, आणि अकरा वर्षें तें काम करून १९४० सालीं, अठ्ठावन्नाव्या वर्षीं, मुदतीपूर्वींच निवृत्त झाले. दुसरें महायुद्ध सुरू झालें होतें. उरलेलें आयुष्य युद्धाच्या कारणांच्या शोधांत घालवावयाचें असें त्यांनीं ठरविलें, आणि पगार सोडला. १९४३ पासून क्लाइडच्या मुखाजवळील किलमन ह्या खेड्यांत त्यांनीं बिऱ्हाड केलें.

त्यांची रीत तीच जुनी होती. दोन राष्ट्रें शस्त्रें वाढवूं लागलीं म्हणजे काय होतें? एकाचीं शस्त्रें जितकीं जास्त तितका दुसऱ्याचा वाढवण्याचा वेग जास्त. खर्चाचा बोजा जितका जड तितका तो वेग कमी. आणि पाठीशीं जुनी अढी असली तर ती दोघांसही ढकलीत असते. ह्या तीन गोष्टींचीं त्यांनीं समीकरणें मांडलीं. पुढें १८२० नंतरचीं जगांतील सर्व युद्धें त्यांनीं एका मोठ्या यादींत आणलीं व प्रत्येकास मृतांच्या संख्येवरून एक प्रत दिली : एका मनुष्याचा खून ही शून्य प्रत, दहा मृत्यु ही पहिली, शंभर ही दुसरी, आणि दोन्ही महायुद्धें सातव्या प्रतीचीं. सहाव्या प्रतीच्या, म्हणजे दहा लाखांच्या आसपास बळी घेणाऱ्या सात कलहांत त्यांनीं हिंदुस्थानांतील १९४६ ते १९४८ ह्या काळच्या दंगलींची नोंद केली आहे. किलमनच्या एका खोलींत बसलेल्या वृद्ध गृहस्थांनीं आपल्या देशाचें तें दुःख जगाच्या हिशेबांत मोजलें होतें, हें वाचून मी पान उलटण्यापूर्वीं बराच वेळ थांबलों.

यादीनें त्यांस सर्वच हवीं तीं उत्तरें दिलीं नाहींत. युद्धें पावसाच्या थेंबांसारखीं, कोणत्याही ठराविक काळाची वाट न पाहतां सुरू होतात असें दिसलें. समान भाषा असली म्हणजे सलोखा राहतो, ह्या समजुतीस आंकड्यांनीं दुजोरा दिला नाहीं. ज्या राष्ट्रांस शेजारी अधिक त्यांस युद्धेंही अधिक, हें मात्र स्पष्ट निघालें. म्हणून ते सीमांच्या लांब्या पाहूं लागले, तों एक गंमत आढळली. स्पेन आणि पोर्तुगाल ह्यांमधील सीमा एका पुस्तकांत ९८७ किलोमीटर, तर दुसऱ्यांत १,२१४! छापण्याची चूक म्हणून दुसरा कोणी पुढें गेला असता. रिचर्डसन ह्यांनीं कर्कटक घेऊन नकाशे मोजले, आणि पाहिलें कीं माप जितकें लहान घ्यावें तितके अधिक कंगोरे मोजले जाऊन लांबी वाढतच जाते. रत्नागिरीच्या किनाऱ्याची लांबी किती, असा प्रश्न आमच्या भूगोलाच्या तासास विचारला जातो. त्याचें एकच उत्तर नाहीं, हें ह्यावरून कळेल. त्यांच्या मृत्यूनंतर १९६१ सालीं हें टिपण प्रसिद्ध झालें, आणि १९६७ सालीं बेन्वा मांदेलब्रो ह्यांनीं त्यावर गणिताच्या एका नव्या शाखेचा पाया घातला.

हवेनें त्यांस अगदींच सोडलें नव्हतें. १९४८ सालीं, सदुसष्टीच्या घरांत, त्यांनीं अमेरिकेचे हेन्री स्टॉमल ह्यांच्यासह पार्स्निप नांवाच्या गाजरासारख्या कंदाचे तुकडे खाडीच्या पाण्यांत सोडून ते एकमेकांपासून कसकसे लांब जातात हें मोजलें. कंद पांढरा असतो, त्यामुळें दुरून दिसतो, आणि तो जवळ जवळ पूर्ण बुडून तरंगतो, त्यामुळें वारा त्यास ढकलीत नाहीं. पैशाच्या अभावीं प्रयोग अडतात अशी तक्रार करणाऱ्या आम्हां विज्ञानशिक्षकांनीं ही भाजी लक्षांत ठेवावी.

१९५० सालीं अमेरिकेंत ज्यूल चार्नी, जॉन फॉन नॉयमन प्रभृतींनीं एनिअॅक ह्या विद्युत्‌यंत्रावर हवेचें भाकीत केलें. चोवीस तासांच्या भाकितास सुमारें चोवीस तासच लागत होते. हवेबरोबर धांवण्याची अट जेमतेम पुरी झाली. ते नकाशे रिचर्डसन ह्यांजकडे आले. त्यांनीं ते पत्नीपुढें मांडले. आरंभींची हवा, यंत्रानें सांगितलेली हवा, आणि प्रत्यक्ष आलेली हवा : ह्यांत आरंभीची हवा प्रत्यक्षासारखी अधिक दिसते, कीं यंत्राची? बाईंनीं एकेक नकाशा न्याहाळून निकाल दिला कीं, सरासरीनें यंत्र किंचित् सरस आहे. रिचर्डसन ह्यांनीं हा निकाल चार्नी ह्यांस कळवून त्यांचें अभिनंदन केलें, आणि आपला स्वतःचा प्रयत्न एका अगदीं चुकीच्या उत्तराशीं येऊन थांबला होता, त्या मानानें ही मोठीच मजल आहे, असें मोकळ्या मनानें लिहिलें.

ता. ३० सप्टेंबर १९५३ रोजीं किलमन येथें झोपेंतच त्यांचें देहावसान झालें. युद्धांवरील त्यांचे दोन ग्रंथ त्या वेळीं केवळ सूक्ष्म छायाचित्रांच्या फितीवर उपलब्ध होते. इतर विद्वानांनीं संपादून ते १९६० सालीं छापले. आणि ज्याच्या प्रती तीस वर्षें पडून होत्या तो हवेचा ग्रंथ १९६५ सालीं पुन्हां छापावा लागला.